‘मर्यादा युरोपएवढीच’ हे अर्धेच खरे

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पावर हरकती आल्या की डायॉक्सिन या जळणातून निघणाऱ्या विषारी रसायनाबद्दल एक संदेश हमखास फिरतो: ‘आपल्या २०१६ च्या नियमांत डायॉक्सिनची मर्यादा युरोपएवढीच, घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. ८५० अंशांना तो नष्टच होतो. तपासणी अहवालही स्वच्छ असतात. मग संमतीपत्रात जादा अटी कशाला?’

‘मर्यादा सारखीच.’ युरोपच्या २०१० च्या निर्देशापुरते हे बरोबर. पण २०१९ पासून तिथे नव्या भट्ट्यांसाठी वरची हद्द ०.०४ वर आली आहे. आणि बाकीचा तक्ता? युरोपात सल्फर डायऑक्साइडला अर्ध्या तासाच्या सरासरीत घनमीटरला २०० मिलिग्रॅम, दिवसाच्या सरासरीत मात्र ५०. नायट्रोजन ऑक्साइडना ४०० आणि २००. आपल्या २०१६ च्या नियमांत अर्ध्या तासाचे २०० आणि ४०० तेवढे आले. दिवसाची सरासरी फक्त कार्बन मोनॉक्साइडला उरली. क्षणिक उसळीसाठी असलेली सूट त्यामुळे दिवसभर वापरता येते. संमतीपत्र देणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलताना पहिली मागणी हीच हवी: प्रत्येक वायूला आणि धुळीला दिवसाची मर्यादा.

‘८५० अंशांना नष्ट होतो.’ होतो, धूर त्या तापमानात किमान दोन सेकंद राहिला तर. पण पुढे धूर थंड होताना, साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात, राखेतला कार्बन, क्लोरीन आणि तांबे यांच्यामुळे डायॉक्सिन पुन्हा तयार होतो. शिवाय ओल्या कचऱ्याने भट्टी थंडावते, आणि सहायक बर्नर पेटवायचे तर तेलाचा खर्च वाढतो. म्हणून तापमान ८५० च्या खाली गेले की कचऱ्याची भरणी आपोआप थांबलीच पाहिजे. युरोपात हे सक्तीचे आहे.

‘अहवाल स्वच्छ.’ डायॉक्सिनचा नमुना ६ ते ८ तासांचा असतो. वर्षातून दोनदा घेतला तरी फार तर १६ तास. भट्टी चालते सुमारे ८,००० तास. नमुना घेतात तेव्हा ती स्थिर असते. डायॉक्सिन सर्वाधिक निघतो तो भट्टी पेटवताना आणि विझवताना, जळण अर्धवट होऊन काजळी साचते तेव्हा. यावर उपाय आहे: दोन ते चार आठवड्यांचा सलग नमुना, पेटवण्या-विझवण्याचे तास धरून. युरोपात असा नमुना दरमहा घ्यायचा असतो, पण उत्सर्जन ‘स्थिर’ असल्याचे दाखवले की सूट मिळते. ती पळवाट आपल्या अटींत येऊ देऊ नये.

राखेबद्दल थोडक्यात. धूर गाळणाऱ्या फिल्टरच्या राखेत पकडलेला डायॉक्सिन आणि जड धातू असतात. ती भट्टीच्या तळाच्या राखेत मिसळली की चाचणीतले आकडे आपोआप खाली येतात. दोन्ही राखांचे सायलो (साठवणीच्या टाक्या), वजन आणि चाचणी वेगळी, हे संमतीपत्रात लिहूनच घ्यावे.