‘समस्त मोरे’ म्हणजे नेमकं कोण?

मोरे मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या कुलसंमेलनाची तयारी जोरात आहे. दादरला हॉल बघून झाला, वर्गणी ठरली, स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यातल्या वंशावळीसाठी एक फॉर्म फिरतोय. मला याचा मनापासून आनंद आहे. विरारपासून पनवेलपर्यंत पांगलेल्या माणसांना एकमेकांना भेटावंसं वाटतं, ही साधी गोष्ट नाही. पण त्या फॉर्मच्या माथ्यावर ‘जावळीकर चंद्रराव मोरे यांचे वंशज’ असं आधीच छापून ठेवलंय. खाली टीप आहे : मुलींची नावे लिहू नयेत, त्या परकुळात जातात. मला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. ग्रुपवर दोन ओळींत सांगून समजणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी माहेरची मोरे आहे. त्या टिपेप्रमाणे माझं नाव वंशावळीत येत नाही, तरीही हा विषय माझाच आहे.

आधी जावळीचं बघू. चंद्रराव हे कुणा एका माणसाचं नाव नाही. तो आदिलशाहीतून जावळीच्या मोऱ्यांना मिळालेला किताब. गादीवर जो बसेल तो चंद्रराव. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि ते राज्य संपलं. तेव्हापासून आजपर्यंत पंचवीस-तीस वर्षांची एक पिढी धरली, तरी बारा ते पंधरा पिढ्या होतात. आमच्या ग्रुपवर बहुतेकांची माहिती पणजोबांपाशी थांबते. मधल्या सगळ्या पिढ्यांची नावं कुणी भरायची? कागद नसताना ती भरली तर ती वंशावळ राहत नाही.

काही जण आणखी मागे जातात, मोरे म्हणजे मौर्य. कोकणात मौर्य होते हे खरंच आहे. चालुक्य राजा पुलकेशीने त्यांचा पराभव केल्याचं ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात आलंय. त्यांची राजधानी पुरी म्हणजे गेटवेवरून लाँचने जातो ती घारापुरी, असं बरेच अभ्यासक मानतात. पण तो शिलालेख आणि जावळी यांच्यात हजार वर्षं आहेत. नावातल्या सारखेपणावर हजार वर्षं ओलांडायची माझी तयारी नाही.

शिवाय मोरे काय फक्त जावळीचे? देहूला तुकोबांचं घर मोऱ्यांचं. त्यांचं आडनाव आंबिले, कुळ मोरे, आणि घराण्याची परंपरा विश्वंभरबुवांपासून सांगितली जाते. त्या घराचा जावळीच्या गादीशी संबंध असल्याचा दाखला मला माहीत नाही. मराठ्यांत मोरे आहेत, कुणब्यांत आहेत, बौद्ध समाजात भरपूर आहेत, मातंग आणि चर्मकार समाजातही आहेत. हीच गत जाधव, पवार, शिंदे, गायकवाड यांची. कुणाला आडनाव कुळावरून आलं, कुणाला गावच्या वतनदार घराण्यावरून, कुणाला शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलं म्हणून. एका आडनावाच्या माणसांचा मूळ पुरुष एकच असला पाहिजे, हे गृहीतच चुकीचं आहे. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, तेवढी एक खूण पुष्कळ घरांत सापडते. तरी देवक जुळलं म्हणून पिढ्या जुळत नाहीत.

आणि आज आपण लावतो तशी आडनावं सगळ्या घरांत फार जुनी नाहीत, हेही ध्यानात घ्या. जुन्या मोडी कागदांत माणूस ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, असा भेटतो, पुढे मौजे म्हणजे गाव आणि तर्फ म्हणजे गावांचा गट. बाई असेल तर ‘कोम’ लिहून नवऱ्याचं नाव. आडनाव कधी असतं, कधी नसतं. शाळा, पलटण, गिरणी, कोर्ट यांच्या दप्तरांत रकाने आले आणि घराघराला एक ठरावीक आडनाव चिकटलं. बाबासाहेबांचंच बघा. घराणं सकपाळांचं, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. उद्या कुणी नुसतं ‘आंबेडकर’ हे आडनाव धरून या घराचा शोध घ्यायला निघाला, तर त्या रजिस्टरच्या मागे त्याला काही सापडणार नाही. गाव धरून गेला, तर सापडेल.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचंही तसंच. अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं बहुतेक गावांवरून : किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल दिवेकर. हिंदूंतही दिवेकर आहेत. हे दोन दिवेकर भाऊबंद आहेत असं कुणी म्हणत नाही. मग ‘मोरे’ म्हटलं की आपण लगेच एका रक्ताचे कसे होतो?

रक्ताची गोष्ट निघाली की ग्रुपवर कुणीतरी डीएनए चाचणीच्या किटची लिंक टाकतं. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासून दोन माणसांचा बापाच्या बाजूचा पूर्वज समान आहे का, याचा अंदाज येतो, हे शास्त्र खरं आहे. पण आपल्याकडे दत्तक घेतात, घरजावई ठेवतात, पुतण्याला मुलगा म्हणून वाढवतात. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे, १८८४ मध्ये दत्तक जाऊन भोसले झाले. ते भोसले घराण्याचे नाहीत असं म्हणायची कुणाची प्राज्ञा आहे? घराणं म्हणजे कुणी कुणाला वाढवलं, कुणाला जमिनीत वाटा दिला, कुणाच्या मढ्याला खांदा दिला. ते थुंकीच्या नळीत येत नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते.

माझी आजी नायगावच्या बीडीडी चाळीत खानावळ चालवायची. एकशे साठ चौरस फुटांची खोली. पाळ्या सुटतील तसे गिरणीतले गाववाले जेवायला येत. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेबाची वही आत्या लिहायची. वही अजून आमच्याकडे आहे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांनाच घेऊन. पण खानावळीच्या वहीला इतिहासाचा कागद म्हणून कुणी जपलं नाही. आमची उरली ती आत्याने लग्नानंतर सोबत नेली म्हणून.

त्या वहीत मोरे बरेच आहेत आणि आजीने एकाचंही नाव नुसतं ‘मोरे’ असं लिहवून घेतलेलं नाही. ‘मोरे पाटणचे’, ‘मोरे खालच्या वाडीतले’, ‘मोरे साचेखात्यातले’. गाव, वाडी, खातं (साचेखातं म्हणजे गिरणीतलं विणकामाचं खातं). कोण कुणाचा कोण, हे तिला नीट ठाऊक होतं आणि आडनावाने ते ठरत नाही हेही ठाऊक होतं. काही नावांपुढे ‘जावई’ असं लिहिलंय. आत्याला विचारलं तेव्हा कळलं, ज्याची बायको आजीच्या माहेरची, तो जावई. त्याची उधारी पगार होईपर्यंत थांबायची. या एका शब्दामुळे आम्हाला आमची तीन नातेवाईक घरं सापडली. तिन्हींची आडनावं वेगळी. उलट ज्या पाटणच्या मोऱ्यांना आम्ही लहानपणापासून चुलत म्हणत आलो, त्यांचा आमच्याशी रक्ताचा काही संबंध निघाला नाही. एकाच खोलीत जेवलेली, एकाच मोर्चात चाललेली माणसं, एवढंच आणि तेवढं पुरेसं होतं.

मुलींची नावं गाळून वंशावळ करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मुंबईत राहणारी बाई बाळंतपणाला गावी जायची, आणि पहिल्या खेपेला तर हमखास माहेरी. म्हणजे मुंबईच्या कामगाराच्या पोराच्या जन्माची नोंद पुष्कळदा महापालिकेत नसते, वडिलांच्या गावातही नसते. ती असते आईच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, गाव नमुना चौदामध्ये. आईचं माहेर माहीत नसेल तर तो कागद तुम्हाला जन्मात मिळणार नाही. लोक वडिलांच्या गावच्या तलाठ्याकडे खेटे घालतात आणि ‘नोंद आढळून येत नाही’ असं लिहून घेऊन परत येतात.

जमिनीच्या कागदांतही तेच. माणूस वारला की वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, होतो. त्यात बायको येते, मुली येतात. जुन्या सातबाऱ्यावर भावांची नावं कब्जेदार म्हणून वर असतात आणि बहिणी इतर हक्कांत. पुढे हक्कसोड होते आणि त्या तिथूनही जातात. पण फेरफाराच्या नोंदीत त्या सापडतात, नावानिशी, कधी सासरच्या गावासकट. सरकारी दप्तराने ज्या मुली लिहून ठेवल्या, त्या आपल्या कुलसंमेलनाच्या स्मरणिकेने गाळायच्या? मला हे फार लागतं.

कागद शोधायचेच असतील तर घरातल्या ट्रंकेपासून सुरुवात करा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचा पास, कामगार विम्याचं (ईएसआयचं) कार्ड, मनीऑर्डरच्या पावत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येक घरं खोली विकून गावाला गेली, तेव्हा यातलं बरंच गेलं. नंतर गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरांकरता वारसांना कामाचे पुरावे शोधावे लागले, तेव्हा एकेका पिवळ्या कार्डाची किंमत कळली. आता चाळी पडून टॉवर होताहेत. नव्या घरात जाताना पोटमाळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी उघडून बघा, एवढं कळकळीने सांगते.

त्याच्या मागे जायचं तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जुने फेरफार. त्याही मागचं बहुतेक मोडीत आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पुण्याला पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं, आपल्यातल्या कॉलेजच्या पोरांनी जावं. नाशिक-त्र्यंबकला तुमच्या घरातलं कुणी कधी गेलं असेल, तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत गावाच्या नावाखाली सही किंवा अंगठा सापडू शकतो. तिथेही आधी गाव विचारतात, मग आडनाव. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यात लाखो पानं चाळली गेली, पुष्कळ जिल्ह्यांनी ती स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, इतका जुना कागद सामान्य माणसाला घरबसल्या याआधी कधी बघायला मिळाला नव्हता.

कोयनेच्या खोऱ्यातल्या मोऱ्यांची अडचण मात्र वेगळी आहे. त्यांची गावं शिवसागर जलाशयाखाली गेली आणि पुनर्वसन कुठे ठाणे-रायगडात, कुठे आणखी लांब झालं. त्यांच्या कागदावर आजचं गाव वेगळं, मूळ गाव वेगळं. फॉर्ममध्ये त्यांना मूळ गावाचा रकाना हवाच. नाहीतर पुढच्या पिढीला ते पनवेलचेच वाटतील.

म्हणून फॉर्म असा असावा : नाव, आईचं नाव आणि तिचं माहेर, आजीचं नाव आणि तिचं माहेर, मूळ गाव व वाडी, कुलदैवत, देवक, मुंबईत पहिलं कोण आलं आणि कुठल्या खोलीत उतरलं, सगळ्या मुलामुलींची नावं, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कशावरून लिहिली, कागदावरून की ऐकून. ऐकलेलंही मौल्यवान असतं, फक्त ते ऐकलेलं आहे असं लिहावं.

शेवटचं, आणि हे मला ग्रुपवर बोलायचं नव्हतं. एका बौद्ध मोरे कुटुंबाने संमेलनाबद्दल विचारलं तेव्हा त्यांना ‘हे आपल्यातल्यांचं आहे’ असं सांगण्यात आलं. ते कुटुंब आमच्याच गावचं. त्यांचे आजोबा त्याच वहीत आहेत, त्याच पानावर. आपण पत्रिकेवर ‘समस्त मोरे परिवार’ असं छापलंय. समस्त म्हणायचं असेल तर दार सगळ्या मोऱ्यांना उघडं हवं, आणि मग चंद्ररावांचं नाव फॉर्मवरून काढावं लागेल, कारण सगळे त्यांचे वंशज नाहीत, आपणही आहोत असं दाखवणारा एक कागद आपल्यापाशी नाही. ते जमणार नसेल तर ‘समस्त’ हा शब्द काढा आणि आपल्या गावाचं नाव घालून गावाचं संमेलन करा, गावातल्या सगळ्या आळ्यांसकट, सासरी गेलेल्या लेकींसकट. वहीच्या पानांचे फोटो मी स्मरणिकेसाठी देते. वर्गणीही देते, आणि आदल्या दिवशी हॉलवर कामालाही येते.