आकाशवाणीच्या धूनमागचा माणूस

‘आकाशवाणीची धून एका ज्यू निर्वासिताने बांधली, हे तुम्हाला माहीत होतं का?’ हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि कुणीतरी लिहितंच: ‘बघा, जगाने हाकललं, आपण जवळ केलं.’ मला या वाक्याची चीड येते. वॉल्टर कॉफमन यांचं आयुष्य एवढं सोपं नव्हतं आणि आपलं मनही तेव्हा एवढं मोठं नव्हतं.

कॉफमन १९०७ साली कार्ल्सबाडला जन्मले. बोहेमियातलं हे गाव आता कार्लोवी वारी म्हणून ओळखलं जातं. बर्लिनमध्ये संगीतकार फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकले, मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. डॉक्टरेट हाताशी आली असताना कळलं की मार्गदर्शक नाझी चळवळीत आहेत, तेव्हा त्यांनी पदवीच नाकारली. पंचविशीच्या आसपासच्या, पोट अजून भरायचं असलेल्या मुलाने नावापुढचा ‘डॉक्टर’ सोडून द्यावा, हे आज पीएचडीसाठी गाइडच्या दारात ताटकळणाऱ्या कुणालाही विचारा, म्हणजे त्याची किंमत कळेल.

१९३४च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले. मुंबईच का? त्यांचं स्वतःचं उत्तर फार रुक्ष आहे: इथला व्हिसा सहज मिळत होता. अध्यात्माची ओढ नाही, ऋषीमुनींची हाक नाही. आणि तो व्हिसा देणारं सरकार इंग्रजांचं होतं. पुढे पुढे तर ज्यू निर्वासितांना इथे यायचं तर त्यांचा खर्च उचलणारा हमीदार लागायचा. मुंबईत आधी येऊन स्थिरावलेल्या ज्यूंनी त्यासाठी संस्था काढली, तिने ही हमी घेतली. १९३९ला युद्ध पेटल्यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक ‘शत्रूराष्ट्राचे’ ठरले आणि अहमदनगरच्या छावणीत कोंडले गेले. त्यांत हिटलरपासूनच पळून आलेले ज्यूही होते. पुढे काही कुटुंबं पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीतही राहिली. पुरंदरला आपण शिवरायांसाठी जातो, तिथे ही माणसंही होती हे कुणी सांगत नाही. तेव्हा ‘आपण जवळ केलं’ लिहिण्याआधी जरा दमानं.

कॉफमन यांची पत्नी गर्टी ही प्रागचा लेखक फ्रान्झ काफ्का याची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मारल्या गेल्या. त्यांतली थोरली एली म्हणजे गर्टीची आई. मुंबईत कॉफमन यांच्या घरी, वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाऊसमध्ये पियानो वाजत असताना युरोपात हे चाललं होतं.

आता खरी गोष्ट. सुरुवातीला कॉफमननी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि त्यांना ते मुळीच कळलं नाही. परकं, अनाकलनीय वाटलं. यात नवल नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांना ख्याल ऐकून तेच वाटतं! नवल पुढच्या पायरीचं आहे. त्यांनी विचार केला की ज्याअर्थी लाखो माणसं हे संगीत जिवापाड जपतात, त्याअर्थी दोष संगीताचा नसून माझ्या कानाचा असणार. मग ते ऐकत राहिले. परक्या संगीतावर शेरा मारायची घाई नसलेला एवढा शिकलेला माणूस मला दुसरा चटकन आठवत नाही. तेव्हाच्या गोऱ्या संगीततज्ज्ञांत तर नाहीच. त्यांच्यातल्याच एकदोघांच्या आग्रहातून १९४०मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली आणि आपल्या पेटीवाल्यांनी तीस वर्षं ती सोसली.

दुसरीकडे स्वतःचं संगीतही त्यांनी सोडलं नाही. आल्यावर काही महिन्यांत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्त्य संगीत. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एजिडिओ व्हर्गा, पियानोवर स्वतः कॉफमन. मे १९३७पर्यंत १३६ कार्यक्रम झाले होते. हे मेहली म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. मुलाने पुढे इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला आयुष्यातली कित्येक वर्षं दिली. पोटापाण्यासाठी कॉफमननी मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं आणि १९३७ ते १९४६ मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला.

आणि ती धून. तंबोऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीचा रंग. भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनी होतो. त्या एका सुराने सगळी सकाळ हळवी होते. श्रेयाबद्दल वाद आहे, दुसरीही नावं घेतली जातात. माझा कौल कॉफमन यांच्या बाजूने आहे. पण उद्या ती दुसऱ्या कुणाची निघाली तरी माझ्या लेखी या माणसाचं काहीच कमी होत नाही. त्यांना त्या एका धूनपुरतं उरवलं हीच तर माझी तक्रार आहे.

कारण १९४६ला ते इथून गेले. इंग्लंड, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स, मग १९४८पासून विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक, नऊ वर्षं. १९५७नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे १९६८मध्ये त्यांचा ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ आला. मांडणी संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या दहा थाटांची, म्हणजे रागांच्या दहा गटांची, सूर पाश्चात्त्य स्वरलिपीत. कॉफमन मुंबईत आले तेव्हा भातखंडेबुवा याच शहरात अंथरुणाला खिळलेले होते, १९३६ला गेले. थाटपद्धतीवर आपल्याकडे भांडणं आहेत आणि ती रास्तही आहेत. कागदावरचा राग म्हणजे राग नव्हेच. तरीही ज्याला सुरुवातीला काहीच कळलं नव्हतं, त्याने तीसेक वर्षांनी हे लिहून ठेवलं. आपल्या किती संगीत विद्यालयांत तो ग्रंथ आहे?

ते १९८४ला ब्लूमिंग्टनला वारले. त्यांच्या रचना दशकानुदशकं कुणी वाजवल्या नाहीत. २०२०मध्ये टोरोंटोच्या एआरसी आन्साम्बल या वादकसमूहाने त्यांच्या चेंबर संगीताची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा कुठे त्या जगाच्या कानावर पडल्या. मुंबईत २००६पासून एनसीपीएमध्ये कायमस्वरूपी सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे. बेथोवन आणि चायकॉव्हस्की वाजवायला जगभरचे लोक आहेतच. कॉफमन यांची एक अख्खी संध्याकाळ या शहरात व्हायला हवी, आणि मराठी वर्तमानपत्रांनी तिची नीट दखल घ्यायला हवी.

तोवर ती ध्वनिमुद्रिका शोधा. अकरा क्रमांकाच्या स्ट्रिंग क्वार्टेटपासून, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेपासून, सुरुवात करा. पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून घाबरू नका, मलाही फारसं कळत नाही. आणि यापुढे तो फॉरवर्ड मला पाठवणार असाल, तर निदान त्यांचं नाव नीट लिहून पाठवा.