अठरा पूर्ण झाली की 'आपोआप' काहीच होत नाही

विशेष मुलांच्या पालकांच्या गटांवर एक मजकूर सारखा फिरतोय. 'बौद्धिक अक्षम मूल कायम मूलच राहतं. १८ नंतरही आईवडीलच त्याचे कायदेशीर पालक. कलेक्टर कचेरीत खेटे घालू नका. पेन्शन आपोआप मिळते.' मी अशाच एका मुलीचा बाप आहे. हे वाचून निर्धास्त झालेल्या प्रत्येक घराची मला काळजी वाटते.

पालकत्वाचं आधी. १८ पूर्ण झाली की कायद्याने व्यक्ती सज्ञान, दिव्यांग असो वा नसो. आईबाप म्हणून आपल्या सहीला असलेला अधिकार तिथे संपतो. आम्हाला हे बँकेच्या खिडकीशी कळलं. खातं लेक अल्पवयीन असताना उघडलेलं. मी भरून दिलेली स्लिप आतल्या बाईंनी परत सरकवली, "काका, आता तुमची सही चालणार नाही." १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर वाट दिली आहे. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईवडील दोघं मिळून अर्ज करू शकतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब.

खेटे पडतात, हे मात्र खरं. आम्हाला चार पडले, त्यातला एक निव्वळ झेरॉक्स पुसट म्हणून. तरीही घाला.

आता पेन्शन. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या अपत्याला अपंगत्वामुळे कमावता येत नसेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळतं. पण त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आईवडिलांच्या हयातीतच पेन्शनच्या आदेशात मुलाचं नाव घालून घेता येतं. आपल्यामागे भावंडांनी कागद शोधत फिरण्यापेक्षा हे आज करा.

मला सगळ्यात लागलं ते 'कायम मूलच राहतं'. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा नेमकं उलट सांगतो: कायद्यापुढे दिव्यांग व्यक्तीही इतरांइतकीच सक्षम. आधाराची गरज असेल तिथे मर्यादित पालकत्व, म्हणजे निर्णय तिच्यासोबत बसून घ्यायचा, तिची इच्छा विचारून. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पण बुद्धीने तल्लख मुलाला पालक कशाला हवा? याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलंय, त्यातला १ टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग अशांसाठी. पण ती मूलच राहणार असं धरून चाललात तर शाळेत पणत्या रंगवण्यापलीकडे काही मागणारच नाही तुम्ही. चौदाव्या वर्षापासून शाळेशी बोला: बस, पैसे, सही, अनोळखी माणसाला 'नाही' म्हणणं, अठरानंतर काम शिकवणारी कुठली कार्यशाळा.

आमची नोटा मोजायला दोन वर्षांत शिकली. परवा दूध आणायला एकटी गेली. दुकानदाराने दहा रुपये कमी परत दिले, तर गिऱ्हाईकं मागे खोळंबलेली असताना हात पुढे करून तशीच उभी राहिली, दहाची नोट हातावर पडेपर्यंत.