चुंबक चिकटला नाही म्हणून गाडी नकली ठरत नाही

'डायकास्ट गाडीला चुंबक चिकटला नाही तर ती नकली' असा मेसेज मॉडेल गाड्यांच्या संग्राहकांच्या ग्रुपवर फिरतोय. डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेली छोटी गाडी. तो चुकीचा आहे. डायकास्ट बॉडी लोखंडाची नसतेच. ती झमॅकची असते, म्हणजे जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. जस्ताला चुंबक ओढत नाही. काल माझ्या १:४३ (म्हणजे खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान) फॉर्म्युला वन गाडीवर फ्रिजवरचा चुंबक फिरवून पाहिला. बॉडीवरून सरळ घसरला, चाकांमधल्या पोलादी दांडीला मात्र टक्कन चिकटला. शिवाय स्पार्क या कंपनीच्या १:४३ रेसिंग गाड्या रेझिनच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात, आणि त्या अस्सलच असतात. या मेसेजपायी एका नवख्या मुलाने चांगली गाडी परत केली, फार वाईट वाटलं. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.