ड्रॉवर माझा आहे, कँटीन नाही!

टेबल कंपनीचं, खुर्ची कंपनीची, ड्रॉवरही कंपनीचाच. मान्य! पण आतली बाकरवडी माझ्या पैशाची आहे. एवढी साधी गोष्ट हिंजवडीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला कळत नाही. इंजिनिअर आहेत म्हणे सगळे.

"एकच घेतो हं." हे ऐकलं की डोकंच फिरतं. एकच घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बोलता बोलता मूठ भरते, माझ्या कीबोर्डवर तीळ-खसखस सांडते आणि महाशय मीटिंगला निघून जातात.

त्यातल्या त्यात डाएटवाले! "मी साखर सोडलीये" म्हणत माझी श्रूजबेरी बिस्किटं चावतात. सोडली नाहीये बाई, विकत घेणं सोडलंयस. ती आणायला कयानी बेकरीत जाऊन बघा एकदा. चितळ्यांनी २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, पण ईस्ट स्ट्रीटवर कयानीचं दार दुपारी बंदच. म्हणजे शनिवारची सकाळ घालवायची, कॅम्पात पार्किंग शोधायचं, रांगेत उभं राहायचं. कशासाठी? सोमवारी चार वाजता यांच्या चहाची सोय व्हावी म्हणून!

चिवड्याचं तर विचारूच नका. चिवडा खावा तर सरळ चमच्याने घ्यावा, वाटीत घ्यावा. आमच्याकडे दोन बोटं घालून उत्खनन चालतं. आधी काजू जातात, मग खोबऱ्याचे काप, मग शेंगदाणे. कढीपत्ता तेवढा सन्मानाने परत ठेवतात. शेवटी माझ्या वाट्याला नुसते पोहे आणि तळाचं तिखटमीठ. आणि हीच माणसं जेवताना स्वतःच्या डब्यावर असं झाकण धरून बसतात की आत मटकीची उसळ आहे का मृत्युपत्र, कळू नये. (मटकीच असते. वास येतो.)

ड्रॉवरला कुलूप लावलं, तर "काय रे, एवढं काय सोनं ठेवलंयस?" म्हणून टोमणे. वर मीच कंजूष!

आज तर हद्द झाली. बाहेर धो धो पाऊस. काल कुणीतरी पुडा उघडला आणि रबरबँड न लावता तसाच टाकून गेला. आज तोच इसम, हो तोच, एक बाकरवडी तोंडात टाकून मला विचारतो, "या वेळी जरा मऊ लागतेय रे. दुकान बदललंस का?"