वेडी ठरवायला दोन डॉक्टर पुरायचे

कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या बायकांबरोबर मी गेली काही वर्षं काम करते. नवऱ्याच्या अर्जाला जोडलेली झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी मी कितीदा पाहिली, मोजलेलं नाही. घडीवर फाटलेली, डॉक्टरांचं अक्षर न लागणारी. बाळंतपणानंतर रात्र रात्र डोळा लागत नव्हता म्हणून घेतलेल्या दहा गोळ्यांची. आणि अर्जात ओळ असते, ‘सामनेवाली मानसिकदृष्ट्या अस्थिर आहे.’ अशी चिठ्ठी हातात आली की मला हटकून लंडनच्या जॉर्जिना वेल्डन आठवतात.

जॉर्जिनाबाई गायिका. ब्लूम्सबरीतल्या टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये, जिथे आधी चार्ल्स डिकन्स राहायचे, त्या अनाथ मुलं सांभाळायच्या आणि त्यांना गाणं शिकवायच्या. नवरा हॅरी वेगळा राहायचा, पण घराचा खर्च त्याच्याच डोक्यावर होता. बाईंचा मृतात्म्यांशी बोलण्यावर विश्वास होता. त्या काळात ते काही जगावेगळं नव्हतं. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात फॉक्स बहिणींच्या घरात मृतात्म्याची म्हणून ठकठक ऐकू येऊ लागली आणि पाहता पाहता अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती बसण्याचं लोण इंग्लंडभर पसरलं. १८७४ मध्ये विल्यम क्रुक्ससारखा नामवंत रसायनशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स कुक या कोवळ्या मुलीच्या आत्मे बोलावण्याच्या बैठकांना बसून ‘हे खरं आहे’ असं छापून सांगत होता. त्याला कोणी वेड्यांच्या इस्पितळात घातलं नाही.

त्यात फसवाफसवी भरपूर होती. १८८८ मध्ये मॅगी फॉक्सने भरसभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून ती ठकठक कशी काढायचो ते दाखवलं, पुढच्याच वर्षी तो कबुलीजबाब मागेही घेतला. पण मला खऱ्याखोट्यापेक्षा दुसरंच खुपतं. माध्यम म्हणून, म्हणजे आत्मा जिच्यातून बोलतो ती व्यक्ती म्हणून, बायकाच जास्त चांगल्या, असं हे आत्मे मानणारे लोक म्हणायचे. का, तर बाई हळवी, तिला स्वतःची इच्छाशक्ती कमी, म्हणून आत्म्याला तिच्यात शिरायला वाव. आणि डॉक्टर काय म्हणायचे? बाई हळवी, इच्छाशक्ती कमी, म्हणून तिचं डोकं लवकर फिरतं. बैठकीत ज्याला देणगी म्हणायचे, तेच दवाखान्यात लक्षण ठरायचं. १८७७ मध्ये फोर्ब्स विन्स्लो या डॉक्टरांनी ‘प्रेतात्मवादी वेड’ या विषयावर पुस्तिकाच काढली. त्यांची स्वतःची खासगी वेड्यांची इस्पितळं होती, हे सोबत लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८७८ मध्ये, बायकोला वेडी ठरवून घ्यायला हॅरीने याच विन्स्लोंना गाठलं. दोन सभ्य गृहस्थ खोटी नावं सांगून जॉर्जिनाबाईंच्या घरी आले. अनाथालयात रस असल्याचं दाखवलं, मुलांची चौकशी केली आणि हळूच गाडी आत्म्यांवर आणली. बाई मोकळेपणाने बोलल्या. पाहुण्यांशी आपण बोलतो तसं. मग संध्याकाळी आणखी दोघे आले, तेही खोटी नावं सांगून. जवळच्या माणसाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले, कायद्याला एवढंच पुरायचं. दुसऱ्या दिवशी बाईंना न्यायला माणसं दारात हजर.

त्या निसटल्या. मदतीला कोण धावून आलं, तर लुईसा लो. लुईसाबाई डेव्हनमधल्या अपॉटरी गावच्या पाद्र्याची बायको. त्यांचा हात आपोआप लिहायचा, आणि त्या लिखाणात नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाबद्दल मजकूर येऊ लागला. त्या घर सोडून गेल्या आणि १८७० मध्ये ब्रिस्टलजवळच्या ब्रिस्लिंग्टन हाउसमध्ये डांबल्या गेल्या. तिथून पुढे हेन्री मॉड्स्ली या वेडाच्या डॉक्टरांच्या इस्पितळात. सुटल्यावर, १८७३ मध्ये, त्यांनी वेड्यांविषयीचा कायदा बदलण्यासाठी संघटना उभी केली. तो हात कोण चालवत होतं, आत्मा की त्यांचं स्वतःचं मन, हे मी ठरवणार नाही. पाद्र्याच्या बायकोला जे तोंडाने उच्चारणं अशक्य होतं ते कागदावर उतरलं, एवढं मला दिसतं.

दाखल्यांवरच्या आदेशाची मुदत सात दिवस. तेवढे दिवस जॉर्जिनाबाई लपून राहिल्या आणि मग थेट बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटसमोर गेल्या. मॅजिस्ट्रेटला कळवळा आला, पण लग्न झालेल्या बाईला नुकसानभरपाईचा दावा स्वतःच्या नावाने लावता येत नव्हता. १८८२ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला आणि ते दार उघडलं. मग बाईंनी एकेकाला कोर्टात खेचलं, स्वतःची बाजू स्वतः मांडली. १८८४ मध्ये विन्स्लोंविरुद्धच्या दाव्यात न्यायमूर्ती हडल्स्टन यांनी आधी बाईंच्या विरुद्ध निकाल दिला. पण एका झाडूवाल्याने अर्ज करावा, दुसऱ्याने दुजोरा द्यावा आणि कधी दवाखाना न चालवलेल्या दोन डॉक्टरांनी थोड्या पैशांसाठी दाखले द्यावेत, एवढ्यावर माणूस डांबता येतो हे धक्कादायक आहे, असं त्यांनी भर कोर्टात म्हटलं. पुढे बाईंना भरपाई मिळाली. १८९० च्या कायद्याने खासगी इस्पितळात ठेवायला न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागू लागला.

मला या गोष्टीपर्यंत पोचवलं ते आपल्या रखमाबाईंनी. जॉर्जिनाबाईंनी १८८२ मध्ये हॅरीविरुद्ध सहवासाचा, म्हणजे नवऱ्याने आपल्याबरोबर नांदावं असा, हुकूम मिळवला होता. तो मोडला तर तुरुंग. नवऱ्यावर ती पाळी येतेय म्हटल्यावर पार्लमेंटने १८८४ मध्ये कायदा करून ती तुरुंगाची शिक्षाच काढून टाकली. हा कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याकडे, दादाजीकडे, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. आपल्याकडे ती शिक्षा जायला १९२३ उजाडलं.

पण कोणी जॉर्जिनाबाईंची गोष्ट ‘शहाण्या बाईला वेडी ठरवलं’ एवढ्यावर संपवली की मला राग येतो. मग खरोखर आजारी असलेल्या बाईचं काय? तिला खोटी नावं सांगून फसवलेलं चाललं असतं? आवाज ऐकू येणाऱ्या, भास होणाऱ्या बायका माझ्यासमोरही बसतात. त्यांना औषध लागतं, झोप लागते, जवळचं माणूस लागतं. गेल्या महिन्यात एक जण तिची चिठ्ठी स्वतःच घेऊन आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट घडी घालून. म्हणाली, ‘ताई, गोळ्या मी घेते, कबूल आहे. पण हे त्यांनी सांगण्याआधी मला सांगू दे ना.’