भाषण हमखास पाडायचं असेल तर...

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, तेव्हा ना माईक होता ना प्रोजेक्टर. त्याच सांगलीत परवा द्राक्षबागायतदारांच्या मेळाव्यात एका तज्ज्ञांनी दोन्ही वापरून पन्नास मिनिटांत अख्खा हॉल झोपवला. ही किमया तुम्हालाही जमावी म्हणून हा खटाटोप.

श्रोते कोण, त्यांना काय हवंय, असल्या चौकशा नवख्यांनी कराव्यात. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर असताना दावण्या या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने आलेल्या बागायतदाराला तुम्ही आधी 'द्राक्षाचे महत्त्व' समजावून द्या. मग त्याला १८८५ च्या फ्रान्सला न्या, त्या रोगावरच्या बोर्डो मिश्रणाचा शोध सांगा. प्रमाण सांगायची वेळ आली की घड्याळाकडे बघा.

हॉलवर आधी जाऊ नका. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए निघालं की जो कनेक्टर लागतो, तो घरी टीव्हीमागेच शोभतो.

माईक पोटाशी धरा. अधूनमधून स्पीकरच्या पुढ्यात या. शिट्टीने झोपलेले जागे होतात.

स्लाइड मात्र मन लावून करा. २० मिनिटांना ४७ पुरे. प्रत्येकीवर १६ ओळी, १२ चा फाँट, पिवळ्यावर पांढरी अक्षरं. मजकूर जुन्या फाँटात टाइप करून पेनड्राइव्हवर नुसती फाइल आणा. हॉलच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो, मग 'फवारणी'च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर नाचतात. युनिकोडमध्ये टाइप करून सोबत एक पीडीएफ ठेवली असती तर हा तमाशा टळला असता, पण मग 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणून हसायला काय उरलं असतं? नंतर लोकांकडे पाठ करा आणि वाचा. सगळं वाचा. अहो, लोकांना वाचता येतं! तुमची एक ओळ होईपर्यंत पुढच्या रांगेचं पान वाचून झालेलं असतं, आणि मागच्या रांगेला काही दिसतच नसतं. ३० चा फाँट, पाच ओळी, आणि शेवटच्या खुर्चीत बसून एकदा स्वतः बघायचं. दोन मिनिटं लागतात हो!

'शेवटचा एकच मुद्दा' हे किमान चारदा म्हणा.

बास झालं. समोरचा माणूस बागेतलं काम टाकून जतहून एसटीने आला होता. तुम्हाला वेळ २० मिनिटांचा होता. समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे फार तर तीन मुद्दे. घरी घड्याळ लावून मोठ्याने एकदा बोलला असतात तर कळलं असतं. टेबलावर प्लॅस्टिकच्या दोन बादल्या ठेवायच्या. पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या पाच लिटरमध्ये १०० ग्रॅम चुना. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, विळ्याचं पातं बुडवून दाखवायचं: तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण, पाच मिनिटांत, स्लाइडशिवाय.

हे सगळं ४४ व्या स्लाइडवर होतं. तोवर मागच्या चार रांगा चहाला गेल्या होत्या. एकाने प्रश्नासाठी हात वर केला, त्याला 'वेळेअभावी' खाली बसवलं. वेळ खाल्ला कुणी होता?